वनस्पतीची पेशी आणि आमची क्षारपड जमीन

शेतीच्या सुधारणेविषयीं जेथें जेथें चर्चा होते तेथें तेथें बोलणें जमीन, बियाणें, खत, पाणी आणि बाजारभाव या पांच गोष्टींपाशीं येऊन थांबतें. या पांचांचा विचार अवश्य आहे. परंतु त्यांपैकीं पहिल्या चारांचा हिशेब शेवटीं जेथें चुकता होतो, तें ठिकाण डोळ्यांस दिसत नाहीं म्हणून आपण तें विचारांत घेत नाहीं. तें ठिकाण म्हणजे वनस्पतीची पेशी. खत गाडीनें येतें, पाणी पाटानें येतें, औषध फवाऱ्यानें येतें. पण त्यांतलें जें पेशीच्या आंत शिरलें तेंच पिकाचें झालें, बाकीचें सारें आपल्या खर्चाच्या बाजूस राहिलें. कुरुंदवाड आणि एकंदर शिरोळ तालुका येथील कृष्णा-पंचगंगेच्या कांठच्या काळ्या जमिनींत क्षारपडीचें जें संकट पसरलें आहे, त्याचा उलगडा या सूक्ष्म ठिकाणीं उतरल्यावांचून व्हावयाचा नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. म्हणून शाळकरी मुलांचा समजून बाजूस सारलेला हा विषय आज कर्त्या शेतकऱ्यांपुढें मांडीत आहों.

पेशी म्हणजे काय, हें समजण्यास मधमाश्यांचें पोळें उन्हाकडे धरून पाहावें. एकास एक लागून असलेलीं लहान लहान घरें दिसतात. १६६५ सालीं इंग्लंडांत रॉबर्ट हूक यानें बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिला, तेव्हां त्यास अशींच घरें दिसलीं आणि त्यानें त्यांस ‘खोल्या’ या अर्थाचें नांव दिलें. बूच वाळलेलें असल्यामुळें तीं घरें रिकामीं होतीं. जिवंत पेशी ही नांदत्या घरासारखी भरलेली असते. पुढें १८३८ सालीं श्लायडेन यानें वनस्पतींविषयीं आणि १८३९ सालीं श्वान यानें प्राण्यांविषयीं असें मांडलें कीं, सर्व सजीवांचीं शरीरें पेशींचींच बनलेलीं असतात. उसाचें कांडें, जोंधळ्याचें कणीस, बैलाचें वशिंड आणि तो बैल हांकणारा हात, हीं सर्व याच विटांचीं बांधकामें होत. वनस्पतींच्या पेशी इतक्या लहान असतात कीं, एका मिलिमीटराच्या लांबींत त्या दहापासून शंभरपर्यंत ओळीनें मावतील.

या पेशीची रचना ध्यानांत येण्यासाठीं आपल्याकडील एखादा जुना नांदता वाडा डोळ्यांपुढें आणावा.

वाड्यास प्रथम बाहेरची भिंत असते. पेशीची भिंत ज्या तंतुमय द्रव्याची असते, त्याचा जवळजवळ शुद्ध नमुना म्हणजे आपला कापूस. दोन पेशींच्या भिंती एकमेकींस जोडण्यास जें सांधण लागतें, त्यांत चुन्यांतील कॅल्शियम हें मुख्य असतें. आपले पूर्वज वाडे चुन्यांत बांधीत, वनस्पतीही आपला वाडा एका परीनें चुन्यांतच बांधते. हें कॅल्शियम एकदां जुन्या पानांत बसलें कीं तेथून उठून नव्या पानांत जात नाहीं. म्हणून त्याचा तुटवडा पडला म्हणजे कोंवळा शेंडा आणि कोंवळें फळ यांवर आधीं घाला येतो. टोमॅटोचें बूड काळें पडतें तें याच कारणानें.

भिंत मजबूत असली तरी ती कोणास अडवीत नाहीं. पाणी आणि त्यांत विरघळलेले क्षार तिच्यांतून सहज आरपार जातात. खरी देवडी भिंतीच्या आंतल्या बाजूस आहे. ती म्हणजे तेलकट द्रव्याचा एक अत्यंत पातळ पडदा. या पडद्यांत ठिकठिकाणीं दरवाजे आहेत आणि प्रत्येकावर आपापलीं माणसें ओळखणारे पहारेकरी आहेत. पाण्यास वाट मोकळी असते. पालाश, नत्र, स्फुरद यांस ज्याच्या त्याच्या दारानें आंत घेतलें जातें, आणि त्यांना आंत ओढण्याच्या कामावर पेशीस शक्ति खर्च करावी लागते. या व्यवस्थेंत एक उणीव आहे. सोडियम म्हणजे मिठांतला क्षार हा पालाशासारखाच दिसतो. बाहेर त्याची गर्दी झाली कीं पालाशाच्या नांवावर तो आंत घुसतो, आणि मग त्यास हुसकून लावण्यास पहारेकऱ्यांस रात्रंदिवस राबावें लागतें.

वाड्याच्या चौकांत हौद असतो. वाढ पुरी झालेल्या पेशींत हा हौद इतका मोठा असतो कीं, आंतील बहुतेक सर्व जागा तोच व्यापतो. तो भरलेला असला म्हणजे पेशी भरल्या मोटेप्रमाणें ताठ राहते आणि रिता झाला म्हणजे रिकाम्या मोटेप्रमाणें लोळते. पान ताठ राहणें वा मलूल होणें हें सर्वस्वीं या हौदावर अवलंबून असतें. उसाच्या कांड्यांत याच हौदांत साखर सांठते. ऊस तोडला तरी त्याच्या पेशी लगेच मरत नाहींत. त्या श्वास घेत राहतात आणि आपलीच साखर खात राहतात, शिवाय आंतील एक पाचक द्रव्य त्या साखरेचे स्फटिक न होणाऱ्या दोन साध्या साखरांत तुकडे करीत राहतें. ऊस पेटवून तोडला तर उष्णतेनें आंतले पडदे फुटतात आणि हा नाश अधिक जलद होतो. तोडलेला ऊस फडांत दोन दोन दिवस पडूं देणें म्हणजे भरलेल्या हौदाची मोरी उघडी ठेवून निजणें होय.

वाड्यांत गुऱ्हाळ आहे आणि चूलही आहे. पानाच्या पेशींत हिरवे कण असतात, तें गुऱ्हाळ. सूर्याचा प्रकाश हें त्याचें जळण, आणि हवेंतील कर्बवायु व मुळांकडून आलेलें पाणी हा त्याचा कच्चा माल. यांतून साखर तयार होते. चूल मात्र प्रत्येक जिवंत पेशींत असते, आणि एक नव्हे, अनेक असतात. शास्त्रज्ञ त्यांस तंतुकणिका म्हणतात. तेथें साखर प्राणवायूच्या साह्यानें जळते आणि पेशीच्या सर्व कामांस शक्ति मिळते. येथें एक गोष्ट पक्की लक्षांत ठेवावी. मुळांत गुऱ्हाळ नाहीं, केवळ चूल आहे. मुळास साखर पानाकडून यावी लागते आणि प्राणवायु मातींतील पोकळ्यांतून मिळावा लागतो.

शेवटीं वाड्याचें दप्तर. पेशीच्या केंद्रकांत त्या वनस्पतीच्या सर्व गुणांची नोंद जपलेली असते. माणसाच्या पेशींत या नोंदींचे ४६ रुमाल असतात, लागवडीच्या उसांत ते शंभराच्या वर असतात. कोईमतूर येथें १९१२ सालीं ऊस-पैदास केंद्र स्थापन झालें. तेथें गोड उसाचा संकर नदीकांठच्या काश जातीच्या रानगवताशीं करण्यांत आला, आणि १९३० नंतरच्या दशकांत डॉ. जानकी अम्माळ यांनीं तेथेंच उसाच्या या रुमालांचा अभ्यास केला. आज आपल्या शेतांत उभ्या असलेल्या बहुतेक उसाच्या दप्तरांत त्या रानगवताचे रुमाल आहेत. एका डोळ्यापासून सबंध ऊस उभा राहतो याचें कारण असें कीं, प्रत्येक पेशींत हें दप्तर पुरें असतें. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्यें उसाचीं ऊतिसंवर्धित रोपें करतात, तीं याच तत्त्वावर.

वाडा पाहून झाला. आतां आमच्या जमिनीकडे येऊं.

मुळाच्या टोंकामागें जी बारीक लव असते तिचा एकेक केस म्हणजे एकेका पेशीचें लांबलेलें बोट होय. पीक पाणी पितें तें मुख्यतः या बोटांनीं. पाणी आंत कसें येतें, याचें उत्तर प्रत्येकाच्या घरांत आहे. कैरीच्या फोडींस मीठ लावून ठेवलें कीं कांहीं वेळानें त्यांस पाणी सुटतें आणि फोडी आकसतात. उलट बेदाणे पाण्यांत टाकले कीं फुगतात. दोहोंचा नियम एकच आहे. पडद्याच्या दोन बाजूंस दोन द्रावणें असलीं, तर पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जातें. मुळाच्या पेशींतील रस मातींतल्या पाण्याहून दाट आहे तोंवर पाणी आंत येत राहतें. मातींतील क्षार वाढले कीं ही ओढ कमी होत जाते, आणि फारच वाढले तर मुळाची गत कैरीच्या फोडीसारखी होते.

म्हणूनच क्षारपड रानांत पायाखालीं ओल असतांना ऊस दुपारीं मान टाकतो. पीक पाण्यांत उभें राहून तहानेलें असतें. मालक पाहतो, पाणी कमी पडलें असें समजतो आणि आणखी एक पाळी देतो. त्या पाळीनें जमिनीखालचें पाणी वर येतें, वर आलेलें पाणी उन्हानें उडून जातें आणि त्यानें आणलेला क्षार वरच्या थरांत राहतो. पुढच्या वेळीं तहान अधिक लागते आणि मालक अधिक पाणी देतो. एका चांगल्या हेतूनें अशा रीतीनें रान पांढरें पडत जातें.

सर्व पिकांच्या पहारेकऱ्यांचें बळ सारखें नसतें. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ७.७ डेसीसायमन प्रति मीटर होईपर्यंत कापसाचें उत्पन्न सहसा घटत नाहीं. उसाची ही मर्यादा अवघी १.७ आहे, आणि त्यापुढें प्रत्येक एककास उत्पन्न सुमारें ६ टक्के कमी होतें. म्हणजे आंकडा ५ वर गेला तर सुमारें पांचवा हिस्सा ऊस गेला. ज्या पिकाच्या जोरावर आपण रानास अतोनात पाणी देतों, तेंच पीक क्षारापुढें इतकें नाजुक आहे. मृदापरीक्षणाच्या पत्रिकेंत पुष्कळदां एक भाग माती व अडीच भाग पाणी अशा द्रावणाचा आंकडा दिलेला असतो. तो वरील आंकड्यांशीं सरळ ताडून पाहूं नये, प्रयोगशाळेस विचारून घ्यावें.

क्षार हें अर्धें दुखणें झालें. दुसरें अर्धें मुळाच्या चुलीचें आहे. प्राणवायु हवेंतून जितक्या वेगानें पसरतो, त्याच्या सुमारें दहा हजारांश वेगानें तो पाण्यांतून पसरतो. जमिनींतील पोकळ्या पाण्यानें भरल्या कीं मुळाची चूल विझूं लागते. साखरेचा एक कण प्राणवायूसह जळला तर पेशीच्या पदरीं शक्तीचीं सुमारें ३० नाणीं पडतात, प्राणवायूवांचून तोच कण मोडला तर केवळ २ पडतात. याच नाण्यांनीं पहारेकऱ्यांचा पगार भागवावयाचा असतो. पगार थकला कीं पालाश आणि नत्र आंत ओढणें बंद पडतें, आणि सोडियमास बाहेर काढणारा कोणी राहत नाहीं. खारें आणि पाणथळ अशीं दोन्ही दुखणीं एकत्र आलीं म्हणजे पीक इतक्या लवकर कां बसतें, याचें कारण हेंच आहे. अशा रानांत टाकलेल्या युरियाचा मोठा भाग मुळांत जात नाहीं. त्यांतील नत्र पाण्याबरोबर खालीं उतरतें किंवा सूक्ष्म जंतूंच्या करणीनें वायुरूप होऊन उडून जातें.

२००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षीं कृष्णा-पंचगंगेच्या महापुरानें आमच्या भागांत काय केलें, तें येथील कोणास सांगावयास नको. त्यावेळीं गोड्या पाण्यानेंच उभा ऊस गुदमरून गेला. शेंडा पाण्यावर राहिला तेथें पुष्कळ ठिकाणीं पीक तगलें, शेंडा दिवसेंदिवस बुडाला तेथें पोंगा कुजला. महापूर आवरणें एकट्या शेतकऱ्याच्या हातीं नाहीं. परंतु दर पाळीस सरी कांठोकांठ भरून जो लहान पूर आपण आपल्याच रानांत आणतों, तो आणणें न आणणें सर्वस्वीं आपल्या हातीं आहे.

कोणी म्हणेल, आमच्या आजोबांस पेशीचें नांवही ठाऊक नव्हतें, तरी त्यांची जमीन बिघडली नाहीं. खरें आहे. पण त्यांचें पाणी मोटेचें होतें. बैलाच्या दमानें तें मोजलेलें असे, आणि बैल थकला कीं पाणी थांबे. आपला विजेचा पंप थकत नाहीं. रात्रपाळीची वीज आली कीं तो सुरू करून निजावयास जाणें ही अनेक ठिकाणीं रीत झाली आहे. मुबलक पाणी आणि निचऱ्याचा अभाव एकत्र आल्यास काय होतें, हें महाराष्ट्रानें पूर्वींच पाहिलें आहे. नीरा डाव्या कालव्यास १८८५ सालीं पाणी सुटलें आणि पंचवीस वर्षांतच, १९१० सालीं, पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरल्ड मान व त्यांचे सहकारी तम्हाणे यांस त्या खोऱ्यांतील खाऱ्या जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. तो धडा आपण शंभर वर्षांनीं पुन्हां स्वतःच्या खर्चानें शिकत आहों.

आतां उपायांविषयीं आमचें मत सांगतों.

पहिली गोष्ट अशी कीं, पाणी हें खताप्रमाणें मापून द्यावयाची वस्तु आहे. ठिबक असेल तर उत्तमच, नसेल तर एक आड एक सरी भिजवावी, पाचट न जाळतां सरींत पसरावें आणि जमीन हातांत घेऊन पाहिल्यावांचून पाळी देऊं नये. जेथें पाणीपट्टी एकरावर ठरते, मापावर ठरत नाहीं, तेथें कमी पाणी घेणाऱ्यास कांहींच लाभ नाहीं. ही पद्धत पाणीपुरवठा संस्थांनीं बदलावी.

दुसरी गोष्ट जिप्समची. हें प्रत्येक पांढऱ्या रानाचें औषध नव्हे. ज्या जमिनीचा सामू ८.५ च्या वर गेला आहे आणि जिच्या मातीच्या कणांस सोडियम चिकटला आहे, अशा चोपण जमिनींत जिप्सममधील कॅल्शियम त्या सोडियमास हटवितो. नुसत्या खारवट जमिनीस प्रथम निचरा आणि गोड्या पाण्यानें धुणें हेंच औषध आहे. चोपण जमिनींतही हटलेला सोडियम वाहून जाण्यास वाट नसेल तर जिप्समचा पैसा मातींत गेला असें समजावें. धैंचा मात्र क्षार आणि ओल दोन्ही बऱ्यापैकीं सोसतो. तो फुलावर येण्यापूर्वीं गाडावा.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट निचऱ्याची. जमिनीखालीं सच्छिद्र नळ घालून खारें पाणी बाहेर काढण्याचें काम शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकारानें आपल्या तालुक्यांत झालेलें आहे, आणि पड पडलेल्या जमिनी पुन्हां पिकाखालीं आलेल्या आहेत. अर्थात् उपाय होतो कीं नाहीं हा प्रश्न उरलेला नाहीं. अडचण आहे ती आपसांतील. नळांचें पाणी शेजाऱ्याच्या रानांतून ओढ्यापर्यंत नेलें पाहिजे, आणि एकानें बांध अडविला कीं दहांचें काम थांबतें. शिवाय वरच्या रानांत दिलेलें जास्तीचें पाणी खालच्या रानांत पाझरतें. वरचा पिकवितो आणि खालच्याची जमीन जाते. म्हणून आम्ही असें म्हणतों कीं, निचऱ्याच्या खर्चांत वरच्या रानाच्या मालकानेंही आपला वांटा उचलला पाहिजे, मग त्याच्या स्वतःच्या रानांत एकही नळ पडो वा न पडो. हें कित्येकांस कडू लागेल. पण पाणी बांध ओळखीत नाहीं, आणि आज वर असलेलें रान उद्यां खालचें ठरावयास फार काळ लागत नाहीं.

यावर असा आक्षेप येईल कीं, चर खणण्यास पेशीचें ज्ञान कशाला हवें? त्यास आमचें उत्तर असें. कारण न समजतां केलेला उपाय अनुदान असेतों चालतो आणि पुढें मोडतो. नळ घातले, परंतु पाण्याची जुनी संवय सुटली नाहीं, तर तोंड बुजतांच रान पुन्हां खारावणार. दुसरें असें कीं, बाजारांत हरतऱ्हेच्या बाटल्या पेशींस बळ देण्याच्या नांवावर विकल्या जातात. ज्यास वाडा ठाऊक आहे तो दुकानदारास विचारील कीं, हें द्रव्य कोणत्या दारानें आंत जातें, आणि माझ्या रानांतील मुळांच्या चुली विझलेल्या असतां तें आंत ओढण्याची मजुरी कोण देणार? या एका प्रश्नानें पुष्कळ पैसा वांचेल.

आपल्या मंडळानें एक साधें सूक्ष्मदर्शक यंत्र विकत घ्यावें, अशी आमची सूचना आहे. मोठ्या उसाच्या एका गाडीपेक्षां त्यास अधिक खर्च येऊं नये. तांबड्या कांद्याचा पापुद्रा कांचेवर ठेवून सभासदांनीं तो स्वतः पाहावा. पेशींच्या ओळी आणि रंगीत रसानें भरलेले त्यांचे हौद स्पष्ट दिसतात. मग त्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब टाकावा. कांहीं मिनिटांत आंतला पडदा भिंतीपासून सुटून मध्यें गोळा होऊं लागतो. लगेच मीठ धुवून गोडें पाणी दिलें तर पेशी पुन्हां भरते. फार वेळ गेला तर ती भरत नाहीं. ज्यांच्या रानांत पांढरे पट्टे नुकतेच दिसूं लागले आहेत, त्यांनीं हा प्रयोग अवश्य पाहावा आणि पुढील लागणीपूर्वीं शेजाऱ्यांस घेऊन निचऱ्याच्या बैठकीस बसावें.